मागून न मिळणारी पत

जगात बहुतेक वस्तू पैसे मोजले की मिळतात. काही वस्तूंना पैसे पडत नाहीत, त्या नुसत्या मागितल्या तरी मिळतात. शेजाऱ्याची शिडी किंवा विरजणापुरते ताक ही त्यांतलीच. परंतु या दोहोंत न बसणारी एक तिसरी जातही आता निर्माण झाली आहे. त्या वस्तूसाठी पैसे तर भरपूर मोजावे लागतातच, पण मागणाऱ्याला ती मिळेलच असे नाही. देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा तोच बोलावणे धाडतो. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे ‘सेंच्युरियन’ कार्ड ही अशी एक वस्तू. रंगावरून लोक त्याला काळे कार्ड म्हणतात.

असले कार्ड आमच्या हाती येण्याचा सुतराम संभव नाही, हे वाचकांस सांगावयास नकोच. तरीही त्याविषयी लिहावेसे वाटते, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, गावच्या पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासण्यात आमची तीस वर्षे गेली. ‘पात्रता’ या शब्दाशी आमचा घरोबाच जडला. दुसरे कारण म्हणजे आमचा भाचा. तो न्यू जर्सीत मालवाहतुकीचा व्यवसाय करतो आणि अशाच एका निमंत्रणाची गेली तीन वर्षे वाट पाहत आहे.

या कार्डाची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. अमेरिकन एक्सप्रेस ही कंपनी १८५० साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे सुरू झाली, ती सामानाची व मौल्यवान जिनसांची ने-आण करण्यासाठी. १८९१ साली तिने प्रवासी धनादेश काढले आणि १९५८ च्या ऑक्टोबरात पहिले कार्ड. ते चक्क कागदाचे होते. त्याआधी १९५० मध्ये निघालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डाची वार्षिक वर्गणी पाच डॉलर होती. या नव्या कंपनीने आपली वर्गणी सहा डॉलर ठेवली. तो एक डॉलर प्रतिष्ठेचा होता. आपले कार्ड इतरांहून वरच्या दर्जाचे आहे, हे दाखविण्याची ती सर्वांत स्वस्त युक्ती म्हणावी लागेल.

योगायोग असा की, त्याच १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात नेमका उलटा प्रयोग केला. कोणीही न मागता तिने सुमारे साठ हजार कार्डे टपालाने घरोघर पाठवून दिली. पुढे अशा न मागितलेल्या कार्डांचा सुळसुळाट इतका झाला की, अमेरिकेला १९७० साली कायद्याने त्यांवर बंदी घालावी लागली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या आदेशात, ग्राहकाने मागितल्यावाचून कार्ड देऊ नये, असे बँकांना बजावले. म्हणजे एकीकडे न मागता गळ्यात पडणारे कार्ड आणि दुसरीकडे मागूनही न मिळणारे कार्ड, अशी ही दोन भावंडे एकाच काळातली. दोघांचाही हेतू एकच, माणसाने खर्च करावा हा.

कार्डे घरोघर झाली तशी त्यांतली प्रतिष्ठा ओसरू लागली. मग १९६६ मध्ये सोनेरी कार्ड आले. सोनेरीही पुष्कळांकडे दिसू लागले, तेव्हा १९८४ मध्ये प्लॅटिनम आले आणि तेही आरंभी निमंत्रितांनाच मिळे. याच दशकात एक अफवा उठली की, या सर्वांच्या वर एक गुप्त काळे कार्ड आहे व ते दाखविले की मध्यरात्रीही दुकानांची दारे उघडतात. वास्तविक असे कार्ड नव्हतेच. परंतु लोक ज्यावर विश्वास ठेवावयास इतके उत्सुक आहेत, ती वस्तू प्रत्यक्षात का आणू नये, असा विचार कंपनीने केला आणि १९९९ साली खरोखरच काळे कार्ड काढले. अफवेचा लाभ आपण उठविला, हे कंपनीच्या अधिकाऱ्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. २००६ पासून अमेरिकेत हे कार्ड टायटॅनियम या धातूचे होऊ लागले. कागदापासून धातूपर्यंतचा हा प्रवास अठ्ठेचाळीस वर्षांचा.

अमेरिकेत या कार्डाचे प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर आणि वार्षिक शुल्क पाच हजार डॉलर. त्याबदली विमानतळावरील विश्रामकक्ष, हॉटेलांतून खास सरबराई, आणि तिकिटापासून भेटवस्तूपर्यंत सर्व जुळवून देणारा एक सेवक दूरध्वनीच्या पलीकडे सदैव तत्पर. परक्या देशात अडकलेल्या प्रवाशाला अशा सेवेचे मोल निश्चितच असते; ते आम्ही नाकारीत नाही. मुद्दा पात्रतेचा आहे. हे निमंत्रण कोणाला येते? कंपनी निकष जाहीर करीत नाही. वर्षाकाठी अडीच लाख डॉलर आणि त्याहून अधिक खर्च कार्डावर व्हावा लागतो, असे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. पण ते अंदाजच. परीक्षा आहे, पण अभ्यासक्रम नाही आणि उत्तीर्ण होण्याचे गुणही कोणास ठाऊक नाहीत. अशा परीक्षेचा विद्यार्थी कधीच पुस्तक मिटत नाही.

आमच्या पतपेढीत अर्जदाराला आम्ही विचारीत असू, तुमच्याकडे शिल्लक काय आहे? शेत किती, पगार किती, आधीचे कर्ज किती उरले आहे? म्हणजे माणूस काय राखून आहे, यावर त्याची पात्रता ठरे. इथे नेमके उलट आहे. एखाद्याच्या तिजोरीत कोट्यवधी असले आणि तो साधेपणाने राहत असला, तर या निमंत्रणाच्या यादीत त्याचे नाव चढणे कठीण. हातात किती आले यापेक्षा हातातून किती गेले, हे इथे पाहिले जाते. कारणही सरळ आहे. कार्डावर शंभर डॉलरांची खरेदी झाली की त्यांतले दोन-तीन डॉलर दुकानदाराकडून कापून घेतले जातात, आणि या कंपनीच्या मिळकतीचा सर्वांत मोठा भाग यातून येतो. शिवाय या कार्डाचे देणे महिन्याच्या महिन्याला पूर्ण फेडावयाचे असते. तेव्हा खूप खर्चणारा आणि वेळेवर फेडणारा माणूस कंपनीला हवा असतो. लग्नाच्या निमंत्रणात यजमान जेवू घालतो. या निमंत्रणात पंगतीचा खर्च पाहुण्याने आधीच चुकता केलेला असतो.

‘सेंच्युरियन’ हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित नाही. रोमन सैन्यातील तुकडीच्या नायकाला ही पदवी असे. आपल्या बायबलात तिला शताधिपती म्हटले आहे. शिरस्त्राण घातलेले त्याचे मस्तक कंपनीचे बोधचिन्ह म्हणून कार्डावर छापलेले असते. पण कफर्णहूमचा शताधिपती आपल्याला प्रत्येक मिस्सेत भेटतो, तो निराळ्या कारणासाठी. हुकूम सोडण्याचा अधिकार असलेल्या त्या माणसाने आपली अपात्रता आपल्याच तोंडाने सांगितली, आणि तरीही मागितले. मागितले तेही स्वतःसाठी नव्हे, घरी आजारी पडलेल्या चाकरासाठी. त्याच्या नावाचे कार्ड मात्र मागणाऱ्याकडे पाठ फिरवून पात्रांच्याच शोधात निघते, हा विरोधाभास ध्यानी घेण्यासारखा आहे.

आता भाच्याकडे वळू. आमचे मेहुणे अकाली गेले, तेव्हा तो सहावीत होता. आमची बहीण पहाटेच्या लोकलने फुलांच्या पाट्या घेऊन दादरच्या बाजारात जाई. वाण्याकडे तिची वही होती. पावसाळ्यात फुले कुजली की वही भरे आणि सणासुदीला भाव आला की रिकामी होई. वाण्याने तिला कधी नाही म्हटले नाही. मुलाच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी तिने पतपेढीत अर्ज केला, त्या बैठकीस आम्ही बसलो नाही. वाडीतले दोन शेजारी जामीन राहिले. त्यांतला एक केळीच्या वखारीत हमाल होता. कर्ज मंजूर झाले व सहा वर्षांत फिटले. ‘पत’ या आपल्या शब्दात अब्रू आणि उधारीची ऐपत असे दोन्ही अर्थ नांदतात, ते आम्ही बहिणीच्या वहीत एकत्र पाहिले. ‘क्रेडिट’ हा शब्दही ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ विश्वास ठेवणे असाच आहे.

तोच भाचा गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, “मामा, अजून बोलावणे आले नाही.” मग त्याने आपला बेत सांगितला. पुढील वर्षाचा ट्रकांचा विमा आताच भरून टाकावा, टायरही आगाऊ घ्यावेत, म्हणजे या वर्षाचा आकडा मोठा दिसेल. आम्ही विचारले, “अरे, पण टायरांची गरज आहे का?” तो म्हणाला, “गरज नाही, पण आकडा भरतो.”

आम्ही त्याला आईच्या वहीची आठवण दिली. त्यावर त्याने दिलेले उत्तर टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो म्हणाला, “मामा, तुमच्या पतपेढीतही ओळखच चाले. ज्याला जामीनदार मिळाला नाही, त्याचे काय होई? इथे मी आलो तेव्हा माझी साक्ष द्यायला कोणी नव्हते. या यंत्राने माझे आडनाव विचारले नाही, रंग पाहिला नाही, फक्त आकडे पाहिले. त्या आकड्यांवरच मी पहिला ट्रक घेतला.”

यात तथ्य आहे. जामीनदाराविना परत गेलेले चेहरे आम्हांला आजही आठवतात. शांघायचे लिऊ यीछ्येन तरुणपणी टॅक्सी चालवीत. २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात त्यांनी मिंग काळातला कोंबड्यांचे चित्र असलेला एक इवलासा पेला अमेरिकेच्या सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरांना घेतला आणि ती रक्कम अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डावर चोवीस वेळा यंत्र चालवून भरली. पुढल्या वर्षी मोदिल्यानी या चित्रकाराचे १७ कोटी डॉलरांचे चित्रही त्यांनी कार्डावरच घेतले. कोणे एके काळी ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले असते, त्यांना आकड्यांनी आत आणले, हे खरेच.

परंतु ज्या आकड्यांनी भाच्याला पहिला ट्रक मिळवून दिला, ते आणि ज्यांच्यासाठी तो नको असलेले टायर घेऊ पाहतो ते, यांत फरक आहे. पहिल्या वेळी त्याला गरज होती आणि त्याच्यावर कोणीतरी विश्वास टाकला. आता त्याला गरज उरलेली नाही, आणि गरज नसलेल्यांवरच विश्वास टाकणाऱ्या दारात तो उभा आहे. पावसाळ्यातली वही ज्याला पत म्हणे, तिचा इथे मागमूस नाही. ज्याला उधारी लागत नाही त्याची पत सर्वांत मोठी, असा हा हिशेब.

आणखी एक गोष्ट आहे. त्या खर्चातून भाच्याकडे इतके पॉइंट जमले आहेत की, त्यांतून मुंबईची सहा-सात तिकिटे सहज निघावीत. पण पैसा खेळता ठेवायचा, आकडा मोडू द्यायचा नाही, या नादात तो तीन वर्षांत घरी आलेला नाही. त्याच्या आईला या कार्डाविषयी काहीच ठाऊक नाही. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. रविवारी फोन आला की ती एकच प्रश्न विचारते, येतोस कधी?

आम्ही त्याला सविस्तर पत्र लिहिले आहे. उपदेश त्यात फारसा केला नाही. जे कार्ड आहे ते वापरावे, देणे महिन्याला पुरते फेडावे. टायर झिजतील तेव्हा घ्यावेत, विमा मुदतीला भरावा. निमंत्रण आलेच तर वर्षाचे पाच हजार डॉलर कशाकशावर खर्च झाले असते याची यादी करून मग ठरवावे. आणि जमलेल्या पॉइंटांतून डिसेंबरचे एक तिकीट काढावे. पत्र पोहोचल्याचे त्याने कळविले आहे. तिकिटाचे अजून कळविलेले नाही.