येरळेच्या काठाने परसातल्या बटाट्याकडे

वाचकहो, साताऱ्याहून पंढरपूरची वाट धरा. कोरेगाव मागे टाका, वर्धनगडाची चढण ओलांडा, की पुसेगावचा माळ उघडतो. मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेला, बैल पाहायला म्हणून तुमच्यापैकी बरेच जण इथे येऊन गेले असाल. पण एकदा श्रावणात या. पर्जन्यछायेचा हा टापू. पाऊस बेताचा, हवा गार, आणि हलक्या मुरमाड रानातून बटाट्याचे वरंबे लांबवर गेलेले. पाणी पडते आणि निचरून जाते. बटाट्याला याहून जास्त काही नको असते.

या भागातून येरळा खाली निघते. वडूजवरून ती सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माझी बरीच नोकरी या नदीच्या दोन टोकांमध्ये झाली. वरच्या टोकाला मुरूम, खालच्या टोकाला काळी. वरच्या शेतकऱ्याला बटाटा शिकवावा लागत नाही. खालच्या अंगाला मात्र ऊस, हळद, द्राक्षे यांत वाकबगार असलेल्या घरांतही परसातला बटाटा फसतो, आणि तो का फसतो हे सांगण्यासाठीच हा प्रवास.

तासगावच्या अलीकडे एका वस्तीवर कार्तिकात गेलो होतो. घरच्या बाईंनी चहा ठेवता ठेवता विचारले, "साहेब, बाजारातले ताजे, चांगले निवडून बटाटे लावले. महिना होत आला, एक कोंब वर येईना. माती वाईट का हो आमची?"

मी एक बटाटा उकरून पाहिला. टणक होता, कुजलेला नव्हता. "मावशी, माती वाईट नाही. बटाटा झोपलाय," म्हटले. त्या हसल्या, पण ते अगदी खरे होते.

जमिनीतून काढलेला बटाटा साधारण दोन ते अडीच महिने झोपतो. त्या काळात त्याला खत द्या, पाणी द्या, डोळा उघडत नाही. खटावकडचा खरिपाचा माल भाद्रपद-आश्विनात निघून बाजारात येतो. तोच ताजा, पातळ सालीचा बटाटा आपण हौसेने कार्तिकात लावतो. ताजा म्हणून निवडला आणि नेमका तिथेच घात झाला. ओल्या काळ्या मातीत तो पडून राहतो, आणि जागा होण्याआधी बहुधा कुजतो.

म्हणून बेणे वेगळे आणा. आपल्याकडे बेणे पंजाबातून येते, मंचरच्या बाजारात उतरते आणि तिथून गावोगाव जाते. इतक्या लांबून का, असे तुम्ही विचाराल. बटाट्याचे विषाणुरोग मावा पसरवतो. पंजाबात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा फार कमी असतो. तेवढ्यात बेण्याचे पीक वाढवायचे, मावा वाढण्याच्या आधी पाला कापून टाकायचा, आणि माल शीतगृहात ठेवायचा, ही पद्धत सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने रुळवली. शीतगृहातून आलेल्या बेण्याची झोप पुरी झालेली असते. जातींत कुफरी ज्योती १९६८ सालची, कुफरी पुखराज १९९८ सालची. १९७२ साली आपल्या पठारासाठी काढलेल्या एका जातीचे नाव तर चक्क 'कुफरी लवकर'! कुफरी हे सिमल्याजवळचे गाव, आणि 'लवकर' आपल्या मराठीतला. परसाला दोन किलो बेणे पुरते. शेजारच्या शेतकऱ्याने पोते आणले असेल तर त्यातूनच मागून घ्या, तेवढ्यासाठी कोणी नाही म्हणत नाही.

आणलेले बेणे लगेच पुरू नका. पडवीत, ऊन लागणार नाही पण उजेड येईल अशा जागी, गोणपाटावर एकेरी पसरा. दहा-पंधरा दिवसांत आखूड, जाड, जांभळट कोंब येतात. कणगीमागे अंधारात ठेवलेत तर लांब पांढरे कोंब येतील, आणि ते लावताना हातातच मोडतील. हळदीचे बेणे जपणाऱ्या सांगलीकर बायकांना ही नजर उपजतच असते.

कापून लावायचे की अख्खे? खरिपात अख्खेच लावा, कोंबडीच्या लहान अंड्याएवढे. पावसाळ्यात कापलेली फोड कुजते. रब्बीत मोठा बटाटा कापलात तरी चालेल, पण प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत आणि फोडी सावलीत सुकवून मगच लावाव्यात. कापताना आत तपकिरी कडे दिसले तर तो बटाटा टाकून द्या आणि विळी उकळत्या पाण्यात धुवा. ती मर रोगाची खूण आहे, काही भागांत त्याला बांगडी म्हणतात. तो रोग विळीच्या पात्यावरून पुढच्या बटाट्यात जातो. टोमॅटो, वांगी, मिरची जिथे नुकती होऊन गेली त्या वाफ्यातही बटाटा नको. ही सगळी एकाच कुळातली भावंडे, रोगही वाटून घेतात.

सांगलीकडे लागण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत करा. रात्री गार पडल्याशिवाय बटाटा पोसत नाही, उष्म्यात नुसता पाला माजतो. काळ्या मातीत कुजलेले शेणखत आणि नदीचा पोयटा भरपूर मिसळा, वरंबे दीड फुटावर आणि चांगले उंच घ्या. दोन बेण्यांत एक वीत. पाणी सरीतून, वरंबा भिजेल एवढेच; तुंबले की संपले. महिन्याने मातीची भर द्या. हे काम चुकवू नका, कारण उघड्या बटाट्यावर ऊन पडले की तो हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा विषारी. उकळून, तळून ते विष जात नाही. उजेडात हिरवट झालेले उरलेले बेणेही भाजीत टाकू नका, गुरांनाही घालू नका.

तीन महिन्यांनी पाला पिवळा पडला की आठ-दहा दिवस पाणी तोडा आणि मग काढा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद वाफ्यातून नीट जमले तर दहा-बारा किलो बटाटे घरात येतात.

आता ठेवणीचे. सांगलीजवळ हरिपूरला गेलात तर हळदीची पेवे पाहा. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरले, पण जमिनीखाली हळद वर्षानुवर्षे राखण्याची ती युक्ती मोठी आहे. "मग बटाटाही खड्ड्यात बुजवू का?" असे मला कितीदा तरी विचारले गेले आहे. नको. हळद उकडून, वाळवून पेवात जाते, ती निर्जीव. बटाटा जिवंत असतो, श्वास घेतो. कोंडला की घामेजतो आणि सडतो. सावलीत चार दिवस साल सुकू द्या, मग बांबूच्या टोपलीत, अंधाऱ्या आणि वारा खेळणाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आठवड्यातून एकदा वरखाली करून नासका तेवढा काढून टाका.