ॲबिंग्डनची खेप

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस टेम्सच्या कांठीं ॲबिंग्डन हें टुमदार गांव आहे. एम्. जी. मोटारींचें हें माहेर. १९२९ पासूनचा येथील कारखाना १९८० सालीं बंद पडला. तेथें जन्मलेली १९७२ सालची एक एम्. जी. बी. जी. टी. विकावयाची आहे असें कळतांच, ती स्वहस्तें दुरुस्त करण्याच्या हौसेनें आम्ही लंडनहून सहकुटुंब निघालों.

काय तें मागें उतरत गेलेलें छप्पर! आणि कांचेसकट वर उघडणारें मागचें दार! नवा रंग लखलखत होता. परंतु वाचकहो, या गाडीस निराळा सांगाडा नसतो. दारांखालच्या पोकळ पट्ट्या तिचा बराचसा भार पेलतात, आणि गंज नेमका तेथेंच धरतो. सौभाग्यवतीनें पिशवींतून लोहचुंबक काढून पट्टीस लावला. तो टपकन् खालीं पडला. रंगाखालीं पत्रा नव्हताच, नुसतें लुकण!

मालक ओशाळला, किंमत निम्म्यावर आली. १७९८ घन सेंटिमीटरचें इंजिन मात्र किल्ली फिरवितांच गुरगुरूं लागलें, आणि आमचा विवेक तेथेंच संपला. पुण्याच्या प्रवासासाठीं सांठविलेल्या पैशांतून आम्हीं विसार दिला. यंदा येणें होत नाहीं, हें मातुःश्रींस कोणत्या शब्दांत कळवावें, याचा विचार करीत आम्ही परतलों. सौभाग्यवती वाटेंत एक अक्षरही बोलली नाहीं.