पुटं किती आणि चिन्ह कुणाचं?

माझं अक्षर बरं म्हणून मला संघाची सचिव केली. सिंधुदुर्गातल्या आमच्या बचतगटांचा हा संघ कोकमाची सोलं आणि आगळ गोळा करतो, भरतो, विकतो. बाजारात आमच्यासारख्याच पाकिटांत रंग मारलेली सोलं दिसू लागली, तसा सभेत ठराव झाला: ट्रेडमार्क घ्यायचा. पुढचं सचिव बघेल!

वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "साधा, सामूहिक की प्रमाणन?" माझ्या डोक्यात ॲगमार्क, हॉलमार्क. म्हटलं, "दर्जाची खात्री देणारा." त्या म्हणाल्या, त्या दोघांचे कायदे वेगळे, आपला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा. "आणि तुमचा संघ स्वतः सोलं विकतो ना? मग सोलांसाठी प्रमाणन चिन्ह संघाच्या नावावर होणार नाही. कलम ७०."

मी चक्रावले. आमच्या मालाची खात्री आम्ही द्यायची नाही?

नाहीच द्यायची. ज्या मालाला पास करायचं, त्याच मालाचा धंदा पास करणाऱ्याने करायचा नाही. दार्जिलिंग चहाचं चिन्ह भारतीय चहा मंडळाकडे आहे. मंडळ मळेवाल्यांचा चहा तपासतं, स्वतःचं दुकान मांडत नाही. आणि एवढ्या मोठ्या मंडळाचाही हात कुठवर पोचतो? कोलकात्याच्या एका हॉटेलातल्या 'दार्जिलिंग लाउंज' या नावाविरुद्ध मंडळ कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात हरलं. चहावरचा हक्क बैठकीच्या दालनाला लागू झाला नाही.

आम्हाला उरलं सामूहिक चिन्ह. मालकी संघाची, वापर सभासदांचा. माल कसा आहे यापेक्षा तो कुणाचा आहे, हे ते सांगतं. भागीदारी पेढीला ते मिळत नाही, आमच्यासारख्या संघाला मिळतं. कोकमाला भौगोलिक मानांकन आहेच की, असं मी मध्येच म्हटलं. पण ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या साऱ्या कोकमाचं. त्यात आमच्या संघाची वेगळी ओळख कुठली?

अर्जासोबत नियमावली लागते: चिन्ह कोण वापरणार, सभासद कसं व्हायचं, वापराच्या अटी काय, गैरवापराला शिक्षा काय. दर्जाची अट घालणं आमच्या हातात होतं आणि बायकांना ती हवीच होती. तिथे सभा अडली. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा रसात. प्रत्येक बुडी म्हणजे एक पुट. थोरल्या काकी सातावर अडून बसल्या. तरण्या सुना म्हणाल्या, पाच पुरे. मेअखेरीच्या रातांब्यांना सात पुटं देत बसलं तर पाऊस गाठतो. "मगे आमच्या सोलांक पास-नापास कोण करतलो?" मागून कुणीतरी विचारलं. वकीलबाईंनी दोन तास समजावलं ते या एका वाक्यात आलं, असं मला वाटतं.

शेवटी लिहिलं: किमान पाच पुटं, रंग अजिबात नाही. नंतर पुटं वाढवायची झाली तर दुरुस्ती निबंधकांकडे दाखल करावी लागेल, त्याशिवाय ती लागूच होत नाही.

शिक्षेचं कलम मात्र कोरं आहे. रंग वापरणाऱ्या सभासदाचं चिन्ह काढून घ्यायचं, इथवर सगळ्या माना डोलल्या. काढून घ्यायला तिच्या दारात कोण जाणार म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. घरं लागून, लग्नकार्यं एकत्र. नियम पाळून घ्यायला संघ चुकला, तर कलम ६८ खाली चिन्हच नोंदवहीतून जाऊ शकतं, हे मी वाचून दाखवलं. एकीने सुचवलं, शेजारच्या गावच्या गटाने आमची सोलं बघावी, आम्ही त्यांची. त्यावर येत्या सभेत मतदान आहे.