उवा माशावर, अंडी दगडावर

गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर आढळणाऱ्या परजीवीला ऊ म्हटले जात असले, तरी डोक्यातील उवेप्रमाणे तो कीटक नाही. कोळंबी आणि खेकडे ज्या कवचधारी प्राण्यांच्या गटात मोडतात त्याच गटातील अर्ग्युलस या प्रजातीचा हा बाह्यपरजीवी, म्हणजे यजमानाच्या शरीराबाहेर राहून त्याच्यावर पोसला जाणारा जीव आहे. या प्रजातीचे नामकरण म्यूलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये केले. भारतातील कार्पसंवर्धनात अर्ग्युलस सियामेन्सिस ही जाती विशेष उपद्रवी ठरली असून कटला, रोहू आणि मृगळ एकत्र वाढवले जातात तेथे तिचा सर्वाधिक त्रास रोहूला होतो. अर्ग्युलस जापोनिकस ही दुसरी जाती मात्र गोल्डफिश आणि कोई या शोभिवंत माशांच्या व्यापाराबरोबर जगभर पोचली.

प्रस्तुत लेखकाचा या परजीवीशी परिचय एकाच काळात दोन ठिकाणी झाला: बागेच्या पाण्यासाठी खोदलेल्या आणि जोडधंदा म्हणून रोहू-कटल्याची बोटुकली सोडलेल्या शेततळ्यात, आणि घरातील गोल्डफिशच्या काचेच्या टाकीत. दोन्हीकडे पहिले लक्षण सारखेच होते. मासे खाद्यावर पूर्वीसारखे तुटून पडेनात, मधूनच सैरभैर होऊन धाव घेत आणि तळाशी किंवा कडेला अंग घासत. मासा हातात घेतला, तरी पर मुळाशी जेथे अंगाला जुळतो तेथील ऊ सहज दिसत नाही, कारण ती चपटी, गोलसर, जवळजवळ पारदर्शक आणि बहुधा एका सेंटिमीटरहूनही लहान असते. अंगठा फिरवल्यावर जे खवल्यासारखे वाटले होते ते सरकू लागले, की शंका फिटते. भिंगाखाली तिचे दोन काळे डोळे, पोहण्यासाठी असलेल्या पायांच्या चार जोड्या आणि खालच्या बाजूच्या दोन वाटोळ्या चूषक-चकत्या स्पष्ट दिसतात. या चकत्या म्हणजे मुखांगांच्या एका जोडीचे रूपांतर असून त्यांच्याच जोरावर ती वाहत्या पाण्यातही माशाला घट्ट चिकटून राहते. चकत्यांच्या मध्ये नांगीसारखा एक काटा असतो. तो त्वचेत खुपसून ती विषारी स्राव सोडते आणि रक्त व ऊतकद्रव शोषते. माशाचे खरे नुकसान शोषलेल्या रक्तापेक्षा या जखमांमधून अधिक होते, कारण तेथे जिवाणूंचा आणि कापसासारख्या दिसणाऱ्या बुरशीचा शिरकाव होतो आणि रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठून विक्रीच्या वेळी त्याचा भाव पडतो.

तथापि या परजीवीच्या जीवनक्रमातील निर्णायक घटना माशाच्या अंगावर घडतच नाही, आणि ती पाहण्याची संधी शेततळ्याच्या गढूळ पाण्यापेक्षा घरच्या टाकीत मिळाली. अंड्यांनी भरलेली मादी गोल्डफिशला सोडून काचेवर येते आणि हळूहळू पुढे सरकत एकामागून एक अंडी चिकटवत जाते. तिच्या मागे ओळींत मांडलेल्या दाण्यांची पट्टी तयार होते आणि चिकट आवरण घट्ट झाल्यावर ती नखानेसुद्धा सहजी निघत नाही. एका मादीची अंडी काही शेकड्यांत असू शकतात. ताजी अंडी फिकट असतात, पुढे ती गडद होत जातात आणि फुटण्यापूर्वी कवचातून पिल्लाच्या डोळ्यांचे दोन ठिपके भिंगाने ओळखता येतात. बाहेर पडलेले पिल्लू लगेच पोहू लागते आणि त्याला लवकर मासा सापडला नाही तर ते मरते. अर्ग्युलस जापोनिकसची अंडी ३५ अंश सेल्सिअसला सुमारे १० दिवसांत, तर १५ अंशांना सुमारे ६१ दिवसांत फुटतात. म्हणजे उन्हाळ्यात जी पिढी पंधरवड्याच्या आत उभी राहते तिलाच थंडीत दोन महिने लागतात. माशांवरील उवा मारून समाधान मानणारे उपाय पुन्हापुन्हा का फसतात, याचे उत्तर या पट्ट्यांत आहे.

शेततळ्यासाठी यातून निघणारा सर्वांत स्वस्त उपाय औषधाचा नाही. मादीला अंडी घालण्यासाठी कठीण पृष्ठभाग लागत असल्याने लाकडी फळ्या किंवा बांबूचे तुकडे पाण्यात सोडून ठेवावेत आणि अंडी फुटण्याआधी बाहेर काढून कडक उन्हात वाळवावेत. तेच फिरवून पुन्हा वापरता येतात. काठाचे दगड, जाळ्या आणि पाण्यात पडलेल्या काटक्याही त्याच दृष्टीने पाहिल्या पाहिजेत. वैशाखात पाणी आटल्यावर तळे पूर्ण कोरडे पडू देणे आणि मातीच्या तळ्यात चुना टाकणे हा जुना परिपाठ याच कारणाने प्रभावी ठरतो; शेततळ्याचे अस्तर मात्र घासून धुवावे लागते. याउलट तळ्यात कीटकनाशक ओतण्याची सवय अत्यंत घातक आहे, कारण तेच पाणी बागेला जाते आणि तोच मासा ताटात येतो. या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि ही बंदी योग्यच आहे.

शोभिवंत माशांच्या टाकीत मोजके मासे असल्याने उवा चिमट्याने एकेक काढता येतात, मात्र मासा ओल्या फडक्यात धरावा लागतो. मिठाच्या पाण्यातील अल्पकाळ स्नानाने काही उवा सुटतात, पण काचेवरच्या अंड्यांना त्याचा उपयोग होत नाही. डायफ्लुबेन्झुरॉन हे औषध कवचातील कायटिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे कात टाकताना ऊ मरते. परंतु अंडी त्यातूनही बचावत असल्याने पाण्याच्या तापमानाप्रमाणे अंतर ठेवून मात्रा पुन्हा द्यावी लागते. नवे मासे काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, आणि त्या काळात माशांबरोबर टाकीची काचही भिंगाने तपासणे, हे या सर्वांपेक्षा सोपे आहे. टाकीत कोळंबी पाळलेली असेल, तर डायफ्लुबेन्झुरॉन देण्यापूर्वी ती हलवावीच लागते, कारण उवेचे कवच ज्या कायटिनचे असते त्याचेच कोळंबीचेही असते.