डब्यासोबत चिपळूणपर्यंत

आठवड्यातून तीन दिवस आमच्या घरी पहाटे डबा भरला जातो आणि रात्री नऊ-साडेनऊला तो परत येतो. मुलांचे अब्बा औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याची पिकअप चालवतात. कळंबोलीच्या गोदामातून माल भरायचा आणि पेण, माणगाव, महाड, खेड करत चिपळूणपर्यंतच्या मेडिकल दुकानांत खोकी उतरवायची, हा त्यांचा मार्ग. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर सहज होतात.

गेल्या वर्षभरात डबा बहुतेक वेळा अर्धा भरलेलाच परत यायचा. भाकरीचा एखादाच तुकडा मोडलेला, भाजीला आंबूस वास. मी चिडायचे. फजरच्या आधी उठून केलेले अन्न असे फेकायचे म्हणजे जिवावर येते. विचारले की एकच उत्तर, "वेळ नाही मिळाला." चार वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला, तेव्हापासून पथ्याचे म्हणून मी मुद्दाम नाचणीची भाकरी, पालेभाजी असे देत होते. तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.९ वर गेलेला.

मग फेब्रुवारीत ती गोष्ट घडली. पोलादपूर सोडल्यावर त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला, समोरचा ट्रक धूसर दिसू लागला. कशीबशी गाडी कडेला घेतली. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने खिशातली चॉकलेटे तोंडात घातली आणि जवळ बसून राहिला, म्हणून निभावले. मला हे दोन दिवसांनी कळले, तेही मोबाइलवरचे बोलणे कानावर पडले म्हणून.

डॉक्टरांनी समजावले, की सकाळी साखर उतरवणारी गोळी घेतली आणि दुपारी तीनपर्यंत पोटात काही गेले नाही, तर हे होणारच. मधुमेह म्हणजे नुसती साखर वाढणे नव्हे, वेळेवर जेवले नाही तर काही गोळ्यांनी ती धोक्याइतकी खालीही जाते. मग त्यांनी मला विचारले, "हे दुपारी कुठं आणि कसं जेवतात?" बारा वर्षांच्या संसारात मला याचे उत्तर माहीत नव्हते.

म्हणून एप्रिलमधल्या एका मंगळवारी मुलांना नानीकडे ठेवले आणि मी त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. शेटजींची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. "तू कंटाळशील," ते म्हणाले. मी म्हटले, "कंटाळले तर कंटाळले."

सात वाजता निघालो. कर्नाळ्याची झाडी मागे पडली आणि पेणची पहिली दोन दुकाने उरकली. वडखळ नाक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चवीला गोडसर, कच्चा खायला उत्तम. बाजूला कलिंगडांचे ढीग. मी म्हटले, "थांबा, एक माळ घेऊ या." ते हसून म्हणाले, "या रस्त्यानं रोज जातो, पण कांदा घ्यायला कधी थांबलो नाही." खरेच, मालाच्या गाडीला थांबणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. प्रत्येक दुकानदाराचा फोन, "कुठं आलात?" गोदामातून फोन, "माणगाव झालं का?"

हा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वी १७ क्रमांकाचा, आता ६६. रुंदीकरण दशकाहून जास्त काळ चाललेले. कुठे गुळगुळीत काँक्रीट, कुठे वळवलेला कच्चा रस्ता आणि धूळ. इंदापूर ते माणगाव आम्ही अक्षरशः रांगत गेलो. पंचवीस मिनिटांत गाडी किती सरकली ते सांगायला नको. तेवढ्यात एक मुलगा गरम वडे घेऊन खिडकीशी आला. यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, मग माझ्याकडे पाहून थांबला.

"हेच तुमचं जेवण का?"

"रोज नाही. पण बहुतेक हेच. एका हातात धरून खाता येतं."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. रस्त्यावरच्या हॉटेलात मटण-चिकन हलाल आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून ते शाकाहारी खातात. पण घाईच्या माणसाला मिळणारे शाकाहारी म्हणजे वडापाव, भजी, मिसळ, समोसा. सगळा मैदा, बटाटा आणि तेल. थाळी घ्यायची तर पाऊण तास जातो आणि पुढ्यात भाताचा डोंगर येतो. डबा काढून बसावे, तर हॉटेलवाले बाहेरचे खाऊ देत नाहीत. गाडीत खावे, तर रस्सा सांडतो. मी ज्या डब्यावरून रुसत होते, तो उघडायला या दोनशे किलोमीटरमध्ये त्यांना जागाच नव्हती.

आणि डब्याचे काय होत होते, तेही पाहिले. माणगावला दुकानदाराकडून सही घेऊन ते येईपर्यंत मी डॅशबोर्डवरच्या पिशवीला हात लावला. डबा चटका बसावा इतका तापलेला! समोरच्या काचेतून ऊन, खालून इंजिनची धग. त्यात मी ओल्या नारळाचे वाटण घातलेली भाजी दिलेली. ओले खोबरे उन्हात सर्वांत आधी आंबते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण माझ्या मनात डबा माझ्या थंड स्वयंपाकघरातच होता, तो या केबिनमध्ये असतो हा विचारच कधी केला नव्हता. शिजवलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त उघड्या उकाड्यात ठेवू नये, असे आरोग्याचे साधे शास्त्र सांगते. आमचा डबा सात तास तापत होता.

आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. ते पाणीही पीत नव्हते. पाणी प्यायले की थांबावे लागते आणि थांबायला स्वच्छ जागा नाही. कोलाडपासून माझी स्वतःची जी अवस्था झाली, त्यावरून मला ते पुरेपूर समजले. पुरुष निदान कुठेतरी उतरतात. बाईने काय करावे?

महाडच्या अलीकडे जोहरची वेळ झाली. रस्त्यालगत एक लहान मशीद आहे, तिथे ते नेहमी नमाजसाठी गाडी लावतात. आवारात एक आंब्याचे झाड, वुजूसाठी नळ, मागे मुअज्जिनसाहेबांचे कौलारू घर. ते आत गेले आणि मी झाडाखाली उभी राहिले. तेवढ्यात घरातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. "बाहेर का उभी गं? आत ये." त्यांनी मोरी दाखवली, जानमाज अंथरून दिले, माठातले पाणी दिले. मी डब्याचे गाऱ्हाणे सांगितले, तशा त्या हसायलाच लागल्या. "अगं, तुझे मिया इतकी वर्षं इथं नमाज पढतात. सलाम करतात नि निघून जातात. पडवीत बसून जेवा म्हणावं. पडवी कुणाची अडलीय का?"

नमाज संपवून ते आले, तेव्हा पडवीत चटई होती. भाजी टाकून द्यावी लागली, पण भाकरी, मी सोबत घेतलेली उकडलेली अंडी, वडखळचा कांदा आणि चाचींनी परसातली कापून दिलेली काकडी असे आम्ही जेवलो. बारा वर्षांत त्यांना दुपारचे मांडी घालून जेवताना मी फक्त शुक्रवारी आणि ईदला पाहिले होते. सगळे वीस मिनिटांत आटोपले. मी विचारले, "यांना आधीच का नाही विचारलंत?" ते खाली मान घालून म्हणाले, "मागायची लाज वाटली. फुकट खाणारा समजले असते तर?"

पुढे सावित्रीचा पूल आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला जुना ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. नव्या पुलावरून जाताना ते नेहमी गप्प होतात, ओठ हलतात. मला वाटले, रस्त्यावर माणसाच्या हातात फार थोडे असते. पूल आपल्या हातात नाही. वेळेवर दोन घास खाणे मात्र आहे.

पोलादपूरनंतर त्यांनी ती फेब्रुवारीतली जागा दाखवली. एक सुकलेला ओहोळ, कठड्याचा तुटका दगड, बाकी काही नाही. मी तिकडे नीट पाहूही शकले नाही.

खेडनंतर चिपळूण. वाशिष्ठीच्या काठची बाजारपेठ पुन्हा गजबजलेली होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात हीच बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. एका दुकानदाराने भिंतीवर डोक्याच्याही वर हात लावून पाण्याची खूण दाखवली. त्याच्या दुकानात मधुमेहाच्या गोळ्यांची खोकी उतरवताना मुलांचे अब्बा म्हणाले, "बघ, साऱ्या कोकणाला औषध पोचवतो आणि स्वतः वडापाव खातो." बोलले हसत, पण हसू काही चेहऱ्यावर टिकले नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघांनी मिळून डब्याचा नवा हिशेब मांडला. तो आता चार महिने चालू आहे. तुमच्याही घरात कुणी टेम्पो, रिक्षा, टॅक्सी, स्कूल बस चालवत असेल किंवा दिवसभर मोटारसायकलवर फिरत असेल, म्हणून लिहिते.

डबा आता उष्णता रोखणाऱ्या पिशवीत, सीटच्या मागे सावलीत जातो. सोबत रात्री गोठवलेली पाण्याची छोटी बाटली. तीच दुपारी थंड पाणी म्हणून उपयोगी पडते. ओले खोबरे, रस्सा आणि भात डब्यातून बंद. त्याऐवजी गवार, फरसबी, भेंडी अशी सुकी भाजी किंवा मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ. अंडी उकडून सालासकट द्यायची आणि सोलायची खाताना. काकडी, गाजर, कांदा अखंडच, सोबत छोटी सुरी. नाचणीचे पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले, की भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, शिवाय तंतुमय पदार्थही भरपूर. पण नाचणी म्हणजे कितीही चालते असे नाही. भाकऱ्या दोनच, त्याही आधी काकडी-भाजी खाऊन मग. लोणचे-पापड कमी केले, कारण दिवसाचे सगळे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चमच्याच्या आत हवे.

साडेदहाला मूठभर भाजलेले चणे किंवा एक पेरू. त्यामुळे माणगावच्या कोंडीत वडे दिसले तरी भूक अंगावर येत नाही. तहानेला पाणी किंवा साखर न घातलेले कोकम. जोहरनंतर त्याच पडवीत जेवण आणि मग आवारात दहा मिनिटे चालणे. जेवल्यावर चालले की साखर एकदम चढत नाही. दुपारी दोन ते चारमध्ये शरीर मुळातच सुस्तावते. डोळे जड झाले, तर पंधरा मिनिटे सीट मागे टाकून झोपायचे. गाडी रेटायची नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गाडीच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी आणि साखर कायम असते. थरथर, घाम, घाबरेपणा, धूसर दिसणे यातले काही झाले, की गाडी थांबवायची आणि तीन चहाचे चमचे साखर घ्यायची. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. साखर ७० च्या खाली गेली, तर तो धोका समजायचा. बरे वाटले तरी काहीतरी खाऊन, बराच वेळ थांबल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. गोळी किती आणि केव्हा, हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचे. आमच्या डॉक्टरांनी कामाच्या वेळा पाहून गोळ्याच बदलल्या.

शेटजींशीही बोललो. पाच तास गाडी चालवल्यावर निदान अर्धा तास विश्रांती हवी, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिले गेले होते. मागताना आम्हाला वाटले, नोकरी जाईल. ते एवढेच म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?" आता एक ते पावणेदोन त्यांना गोदामातून फोन येत नाही.

गेल्या आठवड्यात अहवाल आला, ७.६. डॉक्टर म्हणाले, अजून खाली यायला हवे. येईल, इन्शाअल्लाह. महाडच्या चाचींना मी दर महिन्याला नाचणीचे पीठ पाठवते आणि त्या डब्यातून काहीबाही परत पाठवतात. परवा करवंदे आली.

बहिणींनो, घरचा माणूस डबा परत आणत असेल, तर रागावण्याआधी एक दिवस त्याच्या शेजारी बसून जा. तो डबा कुठे ठेवला जातो, कुठे उघडला जातो आणि का उघडला जात नाही, हे पाहून या.