दौऱ्याची गाडी

वऱ्हाडातील सरकारी नोकरांच्या घरांत ‘दौरा’ हा शब्द एकेकाळी पंचांगातील तिथीइतका नित्याचा होता. दौरा निघे, दौरा लांबे, दौरा रद्द होई. घरातील स्वयंपाकाचे, पाहुण्यांचे आणि मुलांच्या आजारपणाचे वेळापत्रक त्याभोवती फिरत असे. शब्द मूळचा अरबी. फिरणे, फेरा घालणे हा त्याचा धात्वर्थ. आज हौशी मोटारसायकलस्वार ज्याला ‘टूर’ म्हणतात, तो शब्द फ्रेंच आणि लॅटिनच्या वाटेने मागे नेला तर ग्रीक ‘तोर्नोस’पाशी पोहोचतो, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो लेथ, वस्तू फिरवून कातण्याचे यंत्र. दोन भिन्न कुळांतील हे दोन शब्द. पण दोहोंच्या तळाशी वर्तुळ आहे, म्हणजे जाणे आणि फिरून पुन्हा त्याच जागी येणे. आमच्या बडनेऱ्याच्या घरी जी येझदी रोडकिंग मोटारसायकल मी चौदा महिने खपून चालती केली, तिच्याविषयी लिहिताना प्रथम हा शब्दच आठवतो. कारण ती दौऱ्याची गाडी होती. हौसेसाठी ती कोणी घेतलेली नव्हती.

माझे वडील शिक्षण विस्तार अधिकारी होते. कुटुंब बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आणि कार्यक्षेत्र मेळघाटात, अशी त्यांच्या आयुष्याची विभागणी होती. अमरावती, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी हा त्यांचा रस्ता. त्यापुढे जंगलातील ढाण्यांवरच्या एकशिक्षकी शाळा. तेथील मुले घरी कोरकू बोलत आणि शाळेत मराठी शिकत. कोरकू ही मुंडा शाखेची भाषा. त्या शाखेतील भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून ‘कोरकू’ म्हणजे माणसे, हे मला प्रथम वडिलांनी सांगितले. ते भाषावैज्ञानिक नव्हते. दर दौऱ्यातून चारदोन शब्द मात्र ते घरी आणीत. पुढे मी भाषाविज्ञानाकडे वळलो, त्यात त्या गाडीचा वाटा आहे असे मी मानतो.

गाडी १९८४ साली पतसंस्थेच्या कर्जातून घेतली होती. तिच्या नावाला स्वतःचा इतिहास आहे. झेक उद्योजक यानेचेक यांनी १९२९ मध्ये ‘वांडरर’ या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचे उत्पादन घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. भारतात इराणी कुटुंबाने म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तेथे या गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ मध्ये ‘जावा’ जाऊन ‘येझदी’ हे नाव आले. इराणातील यज्द हे झरथुष्ट्री परंपरेचे जुने शहर. त्यावरून ते घेतलेले. ‘यज्द’ या शब्दाचे नाते अवेस्तातील ‘यजत’ म्हणजे पूजनीय या शब्दाशी लावले जाते, आणि ‘यजत’ हाच शब्द त्याच अर्थाने ऋग्वेदातही आहे. दोहोंचा धातू ‘यज्’, ज्यापासून आपला ‘यज्ञ’ झाला. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील मिस्त्री गाडीला ‘यजदी’ म्हणतात. हा अपभ्रंश म्हणून हसण्याचा विषय नव्हे. अजाणता का होईना, तो उच्चार मुळाच्या अधिक जवळ गेला आहे.

वडील १९९९ मध्ये निवृत्त झाले. २००३ नंतर गाडी मागच्या सपरीत उभी राहिली ती राहिलीच. म्हैसूरचा कारखाना त्याआधीच, १९९६ मध्ये, बंद झाला होता. वडील २०११ मध्ये गेले. २०२१ च्या दिवाळीच्या सुटीत मी गाडीवरचे पोते काढले, तेव्हा घरात तीन मते होती. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला की अशा गाड्यांना संग्राहक चांगली किंमत देतात, विकून टाकावी; विकायची नसेल तर कारखान्यातून निघाली तशी, मूळ रंगात, चकचकीत करावी. मला ती चालती हवी होती. आणि ब्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, “शोभेची ठेवाची असन तर वीक. घरात उभी राहून तिनं आधीच लय जागा अडवली.”

काम घरी करायचे, पण हात जाणत्याचा हवा. जुन्या वस्तीतील एक वृद्ध मिस्त्री, ज्यांना सारे चाचा म्हणतात, दर रविवारी येऊ लागले. कारखानाच बंद आहे तर सुटे भाग कोठून मिळणार, अशी शंका मी काढली. चाचा म्हणाले, “कंपनी गेली जी सर, गाडी थोडीच गेली!” पहिल्या दिवशी त्यांनी पान्याला हात लावला नाही. डालड्याचे रिकामे डबे मागवले, प्रत्येकावर कागद चिकटवायला लावला, आणि निघणारा प्रत्येक नट, बोल्ट व वायसर त्याच्या जागेच्या नावाने त्यात ठेवायचा असा दंडक घातला. हस्तलिखिताची सुटी पाने क्रमाने लावणाऱ्या अभ्यासकाला ही शिस्त परकी वाटणार नाही.

पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल ओतून आठ दिवस वाट पाहिली, मग तो हलला. टाकीत आतून गंज होता. मूठभर नट आणि रॉकेल घालून ती दोघांनी मिळून तासभर हलवली, तेव्हा तांबडा गाळ बाहेर पडला. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोल, तेल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरते, तेथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. त्या पेटीच्या दोन्ही बाजूंची रबरी सील वर्षानुवर्षे पडून कडक झाली की हवा गळते आणि इंजिन सुरू झाले तरी टिकत नाही. याला चाचांचा शब्द ‘दम धरत नाही’. त्यांच्या बोलीत गाडी खोकते, तापते, पेट्रोल पिते, आणि नीट झाली की ‘उचलते’. यंत्राला परभाषेतून आलेले सुटे भाग आहेत, म्हणून नामे जवळजवळ सगळी इंग्रजी. पण क्रियापदे सगळी आपली, आणि तीही देहाची. उसनवारी नामांपाशी थांबते आणि क्रियापद घरचेच राहते, हे भाषासंपर्काच्या पाठात आपण वाचतो. ते मी सपरीत, ग्रीसने माखलेल्या हातांनी, पुन्हा ऐकले.

या गाडीची एक खुबी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. तिची किक आणि तिचा गिअर हा एकच दांडा आहे. आत दाबून मागे वळवला की किक, इंजिन सुरू झाल्यावर पुढे आणला की गिअर. रूप एक, कार्ये दोन, आणि कोणते ते स्थानावरून ठरते. मराठीतील ‘वर’ हा शब्द क्रियाविशेषण म्हणून येतो आणि शब्दयोगी अव्यय म्हणूनही येतो, हे समजावताना मला आता यापेक्षा चांगला दृष्टान्त सापडत नाही.

खरी अडचण इंजिनात नव्हती, रंगात होती. टाकी पॉलिश पेपरने घासू लागलो तेव्हा वरच्या निळ्याखाली तांबडा थर निघाला आणि त्याखाली काळा. भावाच्या मते काळा हा मूळ, म्हणून तोच खरा. पण आमच्या आठवणीतील गाडी निळी होती, आणि तांबडी कोणालाच आठवत नव्हती. कोणता थर राखायचा?

या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात सातशे वर्षांचा पूर्वाधार आहे. रिद्धपूर, जेथे आज मराठी भाषा विद्यापीठ आहे, अमरावती जिल्ह्यातच येते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्याच्या त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून तेथे लीळाचरित्रात संकलित केल्या. परंपरा सांगते की ती मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. म्हणून त्याचे अनेक पाठ झाले. त्यांतील एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. मूळ हाती नाही, आहेत ते त्याच्या आठवणीचे थर. आणि ती आठवण सांभाळणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव ठळक आहे. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. घरातल्या हिराइसेला विचारावे हे मात्र सपरीतल्या टाकीने सुचवले.

आईने कपाटातून हिशेबाच्या वह्या काढल्या. १९८४ पासूनची प्रत्येक दुरुस्ती त्यांत होती, कारण प्रत्येक दुरुस्तीचा पैसा संसारातून गेला होता. तांबडा रंग १९८८ चा. सेमाडोहजवळ गाडी घसरली होती आणि परतवाड्याच्या रंगाऱ्याकडे त्या दिवशी तेवढाच डबा होता. निळा १९९३ चा. या नोंदींच्या मध्ये १९९१ च्या नोव्हेंबरात दोन ओळी होत्या: ‘गाडी – बोअर, पिस्टन, क्रँक – ११५०.’ आणि तिच्याखाली, त्याच अक्षरात, ‘एक पाटली मोडली.’

ती पाटली आम्हां भावंडांना माहीत नव्हती. मी आईकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. “त्यात काय? गाडी बंद म्हंजे दौरा बंद, दौरा बंद म्हंजे भत्ता बंद. अन् तुह्या फीचे दिवस होते,” ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “तुमी सारे म्हणता बाबा फिरले. फिरले ना. पंधरा-पंधरा दिवस. घर कोण फिरवत होतं?”

आठवणीत आपण वडिलांची गाडी, वडिलांचे शब्द, वडिलांचा रस्ता असे म्हणत असतो. वहीत मात्र प्रत्येक किलोमीटरची दुसरी बाजू लिहिलेली होती: उधारीवरचे दूध, एकटीने काढलेला मुलाचा टायफॉइड, लांबलेल्या दौऱ्याच्या आठवड्यात पुढे ढकललेले किराणा सामान. दौऱ्याच्या वर्तुळाला मध्यबिंदू लागतो, आणि तो जागचा हलत नाही म्हणून नजरेत येत नाही. जुनी वस्तू पूर्ववत करायला घेतली की प्रश्न ‘कोणते पूर्व?’ इतकाच उरत नाही, ‘कोणाचे पूर्व?’ हाही विचारावा लागतो. कारखान्याच्या पत्रकात काळा रंग आहे, माझ्या स्मरणात निळा, आणि आईच्या वहीत तिन्ही, किमतीसह.

भावाला मी फोनवर त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. विक्रीचा आणि चकाकीचा विषय त्यानंतर निघाला नाही. आम्ही एक नियम ठरवला. ज्यावर भार येतो ते नवे करायचे. ज्यावर केवळ काळ आला आहे ते राहू द्यायचे. त्यामुळे वायरिंग, ब्रेक, टायर, चेन, बेअरिंगे आणि सील सर्व नवी आली. सिलिंडरला पुन्हा बोअर करून मोठा पिस्टन बसवला; क्रँक अकोल्याच्या एका लेथवर नीट करून आणली. १९९१ चा पिस्टन मात्र चाचांनी टाकू दिला नाही. धुऊन, तेल लावून तो त्यांनी आईच्या हातात दिला. टाकी निळीच राहिली. ज्या जागी घासून तांबडा आणि काळा वर आला होता, तेथे लांबी भरली नाही, गंज चढू नये म्हणून फक्त पारदर्शक लेप दिला. सेमाडोहला वाकलेला पायदान सरळ केला, कारण त्यावर पाय ठेवायचा असतो.

चाचा या साऱ्याला ‘इंजन बांधणे’ म्हणतात. पोथीही बांधतात, घरही बांधतात. आम्ही काम करीत असतानाच, जानेवारी २०२२ मध्ये, येझदी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा बाजारात आले. नावाचा हा पुनर्जन्म मला आनंदाचा वाटला, पण त्या गाड्या वेगळ्या आहेत. त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक, त्यांचा आवाज निराळा. शब्द तोच राहून अर्थ बदलतो, त्यातलाच हा प्रकार.

चौदा महिन्यांनी गाडी सुरू झाली. वारसा नोंद, तपासणी, पर्यावरण कर आणि नोंदणीचे नूतनीकरण हे सोपस्कारही उरकले. एकूण खर्च अडतीस हजारांच्या घरात गेला. तो कोठे लिहायचा, यावर आईचे मत ठाम होते: त्याच वहीत. या कामाला काय म्हणावे याचा मी बराच विचार केला होता. पुनरुज्जीवन, नूतनीकरण, जीर्णोद्धार असे शब्द मनात होते. देवळाचा होतो तसा जीर्णोद्धार हा शब्द मला विशेष आवडला होता. आईने चष्मा लावला, पेन माझ्याकडून घेतले आणि जुन्या ओळींच्या खाली, तेवढ्याच आकाराच्या अक्षरात लिहिले: ‘गाडी दुरुस्ती.’

दुरुस्त हा फारसी शब्द. नीट, बरोबर, धडधाकट असा त्याचा अर्थ. तो मूळ स्थितीविषयी काहीच बोलत नाही. रक्कम लिहून झाल्यावर आईने पुढची ओळ मोकळी सोडली आणि विचारले, “आता पेट्रोल कोन टाकनार, थे सांग.”