काटा, पंखा आणि अर्थिंग

मंडळी, मोटारीशी माझा संबंध आयुष्यभर एस.टी.च्या तिकिटापुरता. शाळेत शिकवलं ते मराठी आणि इतिहास. तरीही आज ट्रकच्या हीटरवर लिहितोय, कारण गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं मिनेसोटात लेकाकडे होतो, तेव्हा त्याच्या घरची चूल त्या एका ट्रकवर पेटत होती.

आपल्याकडे ट्रक म्हटलं की दहा चाकी मालट्रक डोळ्यांसमोर येतो. तिकडे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. चिरंजीवांचा १९९४ सालचा. नोकरी गेल्यापासून त्यातून लोकांचं फर्निचर पोचवून ते घर चालवत होते.

दुखणी दोन. हीटरचा पंखा फक्त शेवटच्या, चार नंबरवर चालायचा. आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा दिवे किंवा पंखा लावला की जागचा हलायचा. तिकडे हीटर ही चैन नव्हे. उणे वीस अंशांत आपल्याच श्वासाचं बाष्प काचेवर आतून गोठतं, आणि काच मोकळी ठेवणारी गरम हवा याच पंख्यातून येते. काट्यावर विश्वास नसेल, तर इंजिन तापून बसेपर्यंत कळायचंही नाही. आमच्या हिचा जीव रोज तो परत येईपर्यंत दारात.

एका गॅरेजने सेंडर बदलला, म्हणजे इंजिनात बसवलेला तापमान सांगणारा भाग. मग थर्मोस्टॅट बदलला. काटा तसाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पुढच्या खर्चाचा आकडा ऐकून चिरंजीव ट्रक भंगारात द्यायला निघाले. मी म्हटलं, "अरे, एक रविवार आपण दोघं बघू. तू तपास, मी वहीत लिहितो."

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम असताना कधीही उघडू नये, उकळतं पाणी अंगावर येतं.) पाणी पुरेसं होतं. इंजिन तापल्यावर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हातमोजा घालून हात लावला. दोन्ही गरम, म्हणजे गरम पाणी नीट फिरतंय. मग किल्ली नुसती चालू ठेवून सेंडरची तार काढली. काटा थंडच्या टोकाला. तीच तार क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली, काटा गरमच्या टोकाला. या जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये असं झालं की काटा आणि तार दोन्ही ठीक समजायचं.

मग राहिलं काय? त्या सेंडरला तार एकच. परतीची वाट इंजिनाच्या धातूतूनच. इंजिन, बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या हे त्या गाडीचं अर्थिंग. इंजिन, दिवे, पंखा चालू ठेवून चिरंजीवांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॉडीला लावली. तिथे ०.१-०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. आलं १.२! इंजिनामागची विणलेली पट्टी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पार खाऊन टाकलेली. नवी पट्टी लावली, खालचा धातू पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. काटा जो मधोमध बसला, तो दिवे लावले तरी हलेना. तो खोटारडा नव्हताच हो, त्याच्या पायाखालची जमीनच हलत होती.

पंख्याचं दुखणं वेगळं निघालं. कमी वेगासाठी वीज एका रेझिस्टरमधून अडवत अडवत जाते, चौथ्या वेगाला थेट जाते. म्हणून एकटा चौथाच जिवंत. बॅटरीची तार सोडवून डॅशबोर्डखालचा रेझिस्टर काढला, तर आतली स्प्रिंगसारखी तार तुटलेली आणि प्लग वितळलेला. तसाच चालवत राहिला असता तर आगीची भीती. प्लगही नवा घातला, कारण जळक्या प्लगवर नवा रेझिस्टर टिकत नाही. पंखा हाताने फिरवून पाहिला, मोकळा होता. जड फिरत असता तर जास्त वीज ओढून त्याने नवाही जाळला असता.

वर्गात एखाद्या पोराचे मार्क कधी वर, कधी खाली व्हायचे. आईबाप शिकवणी बदलायचे, शाळा बदलायचे. घरी गेल्यावर कळायचं की बापाचा पगार थांबलाय आणि पोर उपाशी येतंय. दिसतं एकीकडे, मुळाशी असतं भलतंच.

संध्याकाळी हात पुसत चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. उद्या दोन खेपा आहेत."

नोकरी गेल्यापासून तो माझ्याशी कामाबद्दल स्वतःहून बोलला, तो त्या दिवशी. ट्रक अजून चालतोय.